पाटाखालची फी

पस्तीस वर्षं मी बातम्या लिहिल्या, पण माझ्या एकाही बातमीची चूकदुरुस्ती छापायची वेळ संपादकांवर आली नाही. ही फुशारकी नाही, दप्तरी नोंद आहे. कुंडलिकेला पूर आला की पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागलं ते मी स्वतः पायरीवर उभा राहून मोजायचो. रोह्यात एका पुढाऱ्याची सभा झाली. बाकीच्यांनी ‘हजारोंचा समुदाय’ छापला. मी छापलं, ‘एकशे चौऱ्याहत्तर, पैकी लहान मुलं एकवीस.’ त्या पुढाऱ्याने मला पुन्हा कधी चहा पाजला नाही, पण आकडा चुकला असंही तो कधी म्हणाला नाही.

अशा माणसाने आठशे बारा रुपये रोह्याहून पेणला नेण्याची योजना आखली, तर ती चोख असणारच! आणि ती चोख होतीच. घोटाळा झाला तो वाटेत भेटलेल्या चांगल्या माणसांमुळे. वाईट माणसांसाठी माझी तयारी होती. चांगल्यांचा मी विचारच केला नव्हता.

हे आठशे बारा रुपये कसले, ते आधी सांगतो. १९८३ साली मी पेणच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि उपकार करणाऱ्याला उगाच विनोदी कथेत ओढू नये. मागच्या वर्षाची बाकी आणि चालू वर्षाची फी असे सगळे पैसे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदम माझ्या हातात दिले. त्या पैशांतून मी एक जुना कॅमेरा घेतला. तिसऱ्याच दिवशी पुरात अडकलेल्या एसटीचा फोटो काढला, तो जिल्ह्याच्या एका दैनिकात पहिल्या पानावर आला, आणि मी त्या दैनिकाचा रोह्याचा वार्ताहर झालो. मानधन बातमीमागे दीड रुपया. त्यातून फी भरून टाकू, असा हिशेब होता. पण रोह्यात त्या मानाने फारसं काही घडत नसे.

फी थकली, परीक्षेचा फॉर्म अडकला, मी कॉलेजला जाणं बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात आबांनी विचारलं, “परीक्षा झाली का रे?” मी म्हणालो, “झाली.” परीक्षा झालीच होती. फक्त तिला मी नव्हतो. बातमीदारीच्या दृष्टीने विधान अचूक होतं.

आबा धाटावला एका कंपनीच्या गेटवर पहारेकरी होते. पास दाखवल्याशिवाय त्यांनी साक्षात मॅनेजरच्या मेहुण्यालाही आत सोडलं नव्हतं. पण मुलाकडे त्यांनी कागद मागितला नाही. उलट पगार झाल्या दिवशी रंगाऱ्याकडून निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत पाटी करून आणली आणि वरसे गावातल्या आमच्या दारावर ठोकली : ‘का. गु. शेडगे, बी.ए.’ सोबत पदवीसाठी काचेची एक चौकटही आणली. विद्यापीठ फार सावकाश छापतं, असं मी सांगितलं. पाच वर्षं ती चौकट रिकामी टांगलेली होती. घरी आलेले पाहुणे तिच्याकडे बघायचे, आणि आबा त्यांना विद्यापीठाच्या कामाचा बोजा समजावून सांगायचे.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात आबा जेवताना म्हणाले, “पुढच्या जूनला मी रिटायर होतो. मग मोकळाच हाय. मुंबईला जाऊन इद्यापीठात बसतो. कागद घेतल्याबिगर उठायचा नाय.”

आबा बसले म्हणजे उठत नाहीत, हे धाटावच्या सगळ्या शिफ्टना माहीत होतं. माझ्या हातात एकच वर्ष होतं. थकलेली फी भरायची, पुन्हा प्रवेश घ्यायचा, एप्रिलची परीक्षा द्यायची, आणि आबा मुंबईच्या गाडीत बसायच्या आत दारावर लिहिलं होतं तसं व्हायचं. कॉलेजात चौकशी केली. थकबाकी आठशे बारा रुपये. पुनर्प्रवेशाची शेवटची तारीख पंधरा जुलै. ज्या कॅमेऱ्याने फी खाल्ली होती तोच विकला, उरलेले वर्षभर साठवलेले होते, आणि रक्कम जमली.

आता ती न्यायची कशी? ‘पेण स्थानकात खिसेकापूंचा सुळसुळाट’ ही बातमी मी त्या वर्षी तीनदा दिली होती. तिसऱ्या बातमीच्या शेवटी प्रवाशांना सल्लाही दिला होता : ‘रोख रक्कम अशा जागी ठेवावी, की ती तेथे असेल अशी शंका कोणालाही येऊ नये.’ आपला सल्ला आपण पाळायला नको?

आणि तशी जागा आयतीच चालून आली. आमच्याकडे गणपती घरच्या पाटावर बसतो. दरवर्षी आषाढात तो पाट पेणला कमळाकरांच्या गणपतीच्या कारखान्यात पोचवायचा. ते त्या पाटावरच मूर्ती घडवतात, आणि चतुर्थीला पाटासकट गणपती घरी आणायचा. आमचा पाट सागवानी, आजोबांच्या वेळचा, कडेला ‘गुणाजी शेडगे, वरसे’ असं रंगवलेलं. खाली दोन आडव्या पट्ट्या. त्या वर्षी पाट पोचवायचं काम आबांनी माझ्याकडे दिलं.

मी नोटा प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, पिशवी पाकिटात घातली आणि पाकीट चिकटपट्टीने पाटाच्या खालच्या एका पट्टीवर घट्ट बसवलं. आणि सवय माणसाला सोडत नाही, म्हणून पाकिटावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं : ‘का. गु. शेडगे. थकीत फी. एकूण रु. ८१२.’

सोमवार, तीन जुलै. सकाळच्या गाडीने निघालो. कासूला एक म्हातारी दोन टोपल्या घेऊन चढली. बसायला जागा नव्हती. तिने माझ्या काखेतल्या पाटाकडे बोट दाखवलं आणि जरा टेकायला मागितला. मी म्हणालो, देवाचा पाट आहे, आजी. ती म्हणाली, “मग मी काय भूत हाय?” सगळा डबा माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी तिच्या टोपल्याच बाहेर फेकल्या होत्या. तरी मी पाट दिला नाही. पेणला उतरलो तर धो धो पाऊस. छत्री घरी राहिली होती. मी पाट डोक्यावर धरला आणि कॉलेजपर्यंत चालत गेलो. आठशे बारा रुपये डोक्यावर घेऊन भर बाजारातून चाललेला माणूस, आणि एकाही खिसेकापूने वळून बघितलं नाही. तेव्हा मला स्वतःचा जो अभिमान वाटला, तो पुढे चार तास टिकला.

कॉलेजच्या कचेरीच्या दाराशी विठू शिपाई बसला होता. पाट बघून म्हणाला, “पंगत इथं नाय, साहेब.” पाट आत नेता येणार नाही, व्हरांड्यात ठेवा, मी आहे, असं त्याने सांगितलं. मी पाट भिंतीला टेकवून आत गेलो.

खिडकीत नूरमहंमदभाई होते. फीच्या वह्या पंचवीस वर्षं त्यांच्याकडे. मला पाच वर्षांनी बघून त्यांनी नावही विचारलं नाही. चष्मा पुसला आणि म्हणाले, “आठशे बारा. या, शेडगे.” इतकी माझी आठवण माझ्या मावशीलाही नव्हती. त्यांनी अर्ज भरून घेतला आणि क्रम समजावला : आधी अर्जावर प्राचार्यांची सही, मग पैसे, मग पावती. प्राचार्य मीटिंगमध्ये होते. मी त्यांच्या दारापुढच्या बाकावर बसलो. अकराला बसलो, अडीचला सही झाली. प्राचार्य चांगला माणूस. पाठीवर हात ठेवून म्हणाले की शिक्षणाला उशीर कधीच होत नसतो. मी भारावून बाहेर आलो.

व्हरांड्यात पाट नव्हता!

विठूची पाळी संपली होती. त्याच्या जागेवर दुसरा शिपाई होता. त्याने मोठ्या समाधानाने सांगितलं, की कमळाकरांचा जनू हातगाडीवर माती घेऊन चालला होता. त्याने पाटावरचं नाव वाचलं आणि म्हणाला हा आमच्याच कारखान्यात जायचा. “म्हटलं तुमची तेवढीच खेप वाचली.”

मी त्याचे आभार मानले की नाही, आठवत नाही. मी पळालो. नूरमहंमदभाईंच्या खिडकीकडे न बघता पळालो, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढचे बारा दिवस त्या एका न बघण्यातून निघाले.

कारखान्यात पोचलो तेव्हा कमळाकर हात धूत होते. त्यांच्यामागे फळीवर आमचा पाट होता आणि पाटावर दीड फुटाचा ओला गणपती बसलेला होता. साच्यातून नुकतीच मूर्ती निघाली होती, कोरडा पाट हाताशी नव्हता, तेवढ्यात जनू आमचा घेऊन आला. कमळाकर म्हणाले, “गुणाजीभाऊंचं नशीब बघ. यंदा पहिला मान तुमचा.”

ज्यांना कारखान्याची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाडूची मूर्ती एकदा पाटावर बसली की पाट हलवायचा नाही, कलता करायचा नाही. ती वाळायला महिना, रंगायला महिना. चतुर्थी होती चार सप्टेंबरला. प्रवेशाची मुदत पंधरा जुलै. माझी फी गणपतीच्या खाली होती आणि गणपती हलणार नव्हता.

खरं सांगून टाकायचं? कमळाकर आणि आबा जुने मित्र. मी म्हणालो, पाट जरा खालून बघायचा होता.

“खालून काय बघायचं?”

“वाळवी असेल अशी शंका आहे.”

मूर्तींची पितांबरं रंगवणारी हौसाबाई ब्रश हातात तसाच धरून माझ्याकडे बघू लागली. कमळाकर दुखावल्या आवाजात म्हणाले, की त्यांच्या वडिलांनी त्या पाटावर चाळीस गणपती बसवले. सागवानाला वाळवी लागत नाही, आणि तुमच्या पाटाला तर लागणारच नाही. मी माफी मागितली आणि परत फिरलो.

दोन दिवसांनी दुसरी युक्ती घेऊन गेलो : दैनिकासाठी कारखान्यावर लेख लिहायचा आहे, म्हणून दिवसभर इथे बसतो. एकटा सापडलो की फळीखालून हात घालायचा. पण वार्ताहर आल्यावर त्याला एकटं सोडायचं नसतं, असं पेणमध्ये सगळ्यांना वाटतं. मला खुर्ची दिली, पोहे दिले. कमळाकरांनी पिढ्यांचा इतिहास सांगितला, हौसाबाईने तिच्या दोन्ही बाळंतपणांचा सांगितला. जनूने मातीचे प्रकार सांगितले आणि प्रत्येक प्रकार माझ्या हातावर ठेवला. संध्याकाळी माझ्याकडे नऊ पानांची टिपणं होती. लेख लिहावा लागला. तो छापून आला. संपादकांना आवडला. ते म्हणाले, दुसरा भाग द्या.

दुसऱ्या भागासाठी सोमवारी गेलो, दहा तारखेला. तिसऱ्यासाठी बुधवारी. तोपर्यंत मला मूर्तीच्या आखणीतलं इतकं कळू लागलं होतं की कमळाकर एका मूर्तीच्या डोळ्यांबद्दल माझं मत विचारू लागले. नव्हता मिळाला तो एकांत. पण या तिसऱ्या भागात मला एक नोंद सापडली : दुपारी एक वाजता सगळे जेवायला घरी जातात. शनिवारी मात्र बाराला.

शनिवार, पंधरा जुलै. शेवटचा दिवस. कॉलेजची खिडकी शनिवारी एकपर्यंत. बाराला कारखाना रिकामा झाला. मी दबकत आत शिरलो. आमचा पाट खालच्या फळीवर होता. फळी म्हणजे दोन लाकडांवर आडवे टाकलेले बांबू, मध्ये बोटभर फटी. मी जमिनीवर उताणा झोपलो आणि सरपटत फळीखाली गेलो. वर बारा गणपती, खाली ओली माती, आणि मी. दोन बोटं फटीतून वर घातली. पाटाची पट्टी लागली. सरकवत सरकवत नेली. चिकटपट्टी लागली!

चिकटपट्टीच लागली. पाकीट नव्हतं.

मी पुन्हा चाचपलं. दुसरी पट्टी चाचपली. शेजारच्या पाटाची चाचपली. चिकटपट्टीचे दोन तुकडे लोंबत होते, बस. माझा कॅमेरा गेला, वर्षाची बचत गेली, परीक्षा गेली, आणि पुढच्या जूनला आबा मुंबईला जाऊन विद्यापीठात बसणार. विद्यापीठ वही उघडून सांगणार की असा कुणी बी.ए. आमच्याकडे नाही. सगळं मला फळीखालून अगदी स्वच्छ दिसलं. बारा गणपतींनी माझ्याकडे बघितलं असतं तर बरं वाटलं असतं, पण मी त्यांच्या खाली होतो.

तेवढ्यात हौसाबाईचा आवाज आला. ती पानाचा डबा विसरली होती. ती दारातूनच कुणाला तरी सांगत होती, “बघा. मी सांगितलं नाय? आठ दिस झाले, असाच घुटमळतोय. आता खाली निजलाय. लगनाचा नवस असंल. तुम्ही बाप हाव, तुम्हीच मनावर घ्या.”

मग फळीसमोर दोन पाय येऊन थांबले. पायांत धाटावच्या कंपनीचे बूट होते.

“कान्हू.”

“हो, आबा.”

“काय करतोस?”

मी जरा विचार केला. “वाळवी बघतोय.”

“गावली?”

“नाही.”

“गावायची नाय. ती काल पोस्टानं घरी आली.”

मी बाहेर आलो. आबांच्या हातात कॉलेजचं पाकीट होतं; रात्रपाळीहून सकाळी घरी आल्यावर त्यांनी ते फोडलं, तोवर मी पेणला निघालो होतो. आत पावती होती आणि नूरमहंमदभाईंच्या अक्षरातली चिठ्ठी : ‘आपल्या पाल्याची थकीत फी तीन जुलै रोजी जमा झाली. प्राचार्यांच्या सहीचा अर्ज पंधरा जुलैपर्यंत न आल्यास प्रवेश मिळणार नाही. आठवडाभर वाट पाहिली, म्हणून पालकांना कळवत आहे.’

जे घडलं होतं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगतो. मी प्राचार्यांच्या दाराशी बसलो असताना विठू भाकरी खायला बसला. व्हरांडा ओला. समोर पाट. तो पाटावर बसला, आणि पाट डुगडुगायला लागला; एका पट्टीखाली माझी आठशे बारा रुपयांची जाडी होती. विठूने पाट उलटा केला. पाकिटावर मीच नाव, कारण आणि रक्कम लिहून ठेवलेली! त्याने ते सोडवलं आणि खिडकीत नेऊन दिलं. नूरमहंमदभाईंनी मोजलं, वही उघडली, बाकी खोडली आणि पावती करून माझी वाट बघत बसले. मी आलोच नाही. माझा पत्ता त्यांच्याकडे होता, पण नियमाने चिठ्ठी पालकांच्या नावे जाते. बारा दिवस मी ज्या पैशांसाठी गणपतीच्या पाठी लागलो होतो, ते पहिल्याच दिवशी दोन वाजायच्या आत भरले गेले होते.

कारखान्यात उभ्या उभ्या मी आबांकडे बघत होतो. मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले नाहीत.

“गेटवर बिनपासाचा माणूस मी घटकाभर उभा केला नाय,” ते म्हणाले. “तू पाच वर्षं माझ्या दारातनं आत-बाहेर करत होतास.”

बाहेर पाऊस थांबला होता.

“कॅमेऱ्याचं मला ठाऊक होतं,” आबा म्हणाले. “फोटो पेपरात आला, तवाच इचारायला पायजे होतं की कॅमेरा कुणाचा. मी नाय इचारलं. फोटो बरा होता.” मग त्यांनी घड्याळ बघितलं. “खिडकी कधी बंद व्हते?”

“एकला.”

“आता बारा चाळीस. अर्ज कुठं हाय?”

अर्ज माझ्या शर्टाच्या खिशात होता. बारा दिवस होता. आम्ही निघालो. हौसाबाई मागून सांगत होती की मुलगी तिच्या नात्यातच आहे. बाजारातून आबा पुढे आणि मी मागे. पाठीवर, केसांत, कानात शाडूची माती. लोक वाट देत होते. मला वाटलं आदराने. मग एका दुकानाच्या काचेत स्वतःला बघितलं.

कॉलेजवर पोचलो तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती. विठूने दार अर्धं लावलं होतं; मला बघून ते उघडून धरलं. नूरमहंमदभाई वही बंद करत होते. मी अर्ज पुढे केला. प्राचार्यांच्या सहीशेजारी माझा मातीचा अख्खा अंगठा उमटला. नूरमहंमदभाईंनी तो चष्म्यावरून बघितला.

“सही असताना अंगठा लागत नाही, शेडगे,” ते म्हणाले, आणि शिक्का मारला.

मी त्यांचे आभार मानायला लागलो. ते म्हणाले, की फी भरून माणूस पळून गेल्याचा प्रसंग त्यांनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला. फी न भरता पळालेले पुष्कळ. मग वही आबांसमोर धरून त्यांनी माझ्या नावापुढची खोडलेली बाकी दाखवली. आबांनी ती वाचली नाही. वहीवर हात ठेवला फक्त, पास बघून झाल्यावर ठेवायचे तसा.

बाहेर आल्यावर मी पावती नीट वाचली आणि थांबलो. पावती आठशे पंधरा रुपयांची होती! माझ्या पाकिटात आठशे बारा होते. ती रक्कम मी चार वेळा मोजली होती. परत गेलो. नूरमहंमदभाई कुलूप लावत होते. म्हणाले, पुनर्प्रवेशाच्या छापील फॉर्मचे तीन रुपये वेगळे असतात. तीन रुपयांसाठी पावती अडायला नको, म्हणून विठूने भरले.

मी तीन रुपये विठूपुढे धरले. त्याने हात मागे घेतला.

“ते माझ्याकडनं लागत हुते,” तो म्हणाला. “देवाच्या पाटावर बसून जेवलो, त्याचं भाडं.”

मी पुष्कळ आग्रह केला. नाही म्हणजे नाही. मी आजवर हजारो आकडे अचूक छापले, पण ते तीन रुपये कोणत्या रकान्यात लिहायचे ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षी चतुर्थीला आमचा गणपती घरी आला. कमळाकरांनी त्याचे डोळे स्वतः आखले होते. पाट जागेवर ठेवताना आबांनी तो सवयीने खालून चाचपला आणि चिकटपट्टीचे दोन तुकडे काढून माझ्या हातात दिले. आरतीला नूरमहंमदभाई आणि विठू पेणहून आले होते. विठूला बसायला आईने आग्रहाने पाट दिला. त्याने आधी तो उलटा करून बघितला.

पावती आबांनी भिंतीवरच्या रिकाम्या चौकटीत लावली. पदवी येईपर्यंत काहीतरी हवं ना, असं पाहुण्यांना सांगू लागले. इथवर सगळं गोड आहे, आणि मी इथेच थांबलो असतो. पण अचूकतेसाठी एक गोष्ट राहिली.

पंधरा जुलैला संध्याकाळच्या गाडीने आम्ही घरी आलो. मी आंघोळीला गेलो. माती निघायला अर्धा तास लागला. बाहेर येतो तर आबा दारात स्टुलावर उभे, एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश. पाटीवर नवीन शब्द ओला चकाकत होता : ‘का. गु. शेडगे, बी.ए. नाही.’

मी म्हणालो, आबा, एवढ्या मोठ्या अक्षरांत?

“तूच सांगतोस ना,” आबा ब्रश पुसत म्हणाले, “चूकदुरुस्ती त्याच जागी, त्याच आकारात छापायची असते म्हणून?”

पुढच्या जूनमध्ये मी पास झालो. दुसरा वर्ग. आबांनी ‘नाही’ खरवडून काढलं. पण रंग चांगला होता. अजूनही सकाळचं ऊन तिरपं पडलं की तो शब्द पत्र्यावर स्पष्ट वाचता येतो, आणि पोस्टमन नवा असला तर हटकून विचारतो.